काठावरचे शिक्षण

जलतरणाच्या प्रशिक्षकाकडे एक असे साधन असते, की शाळेतल्या शिक्षकाला किंवा गाणे शिकवणाऱ्या गुरूला त्याचा हेवा वाटावा. त्याच्या कामाचा निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजून मिळतो. इतिहास शिकवणाऱ्या बाईंना आपले शिकवणे मुलांमध्ये किती रुजले हे कित्येक वर्षे कळत नाही. पोहण्याच्या प्रशिक्षकाला ते स्टॉपवॉचचे बटण दाबताच कळते. ज्या पेशात कामाचे फळ इतक्या लवकर आणि इतक्या नेमकेपणाने समोर येते, तिथली माणसे कामातूनच आपोआप जाणती होत जातील, असे कोणालाही वाटेल. प्रशिक्षकांच्या नेमणुकाही बहुधा याच समजुतीवर होतात: स्वतः चांगला पोहायचा, वीस वर्षे टँकवर काढली आहेत, म्हणजे त्याला कळत असणारच. या प्रकरणात मांडायचे आहे ते याच्या उलट आहे. स्टॉपवॉच निकाल सांगते, कारण सांगत नाही. आणि कारण न कळता हाती आलेला निकाल प्रशिक्षकाला जितका शिकवतो तितकाच फसवतो. म्हणून प्रशिक्षकाचे शिक्षण ही अनुभवाबरोबर फुकट मिळणारी वस्तू नाही. ते मुद्दाम उभारावे लागते, आणि त्याचा मोठा भाग नवे काही मिळवण्यात नसून स्वतःचेच जुने निष्कर्ष तपासण्यात असतो.

बहुसंख्य प्रशिक्षकांच्या हाताखाली ऑलिंपिकपटू नसतात, आठ ते सोळा वर्षांची मुले-मुली असतात. आणि या वयातली मुले नुसती मोठी होण्यानेही वेगवान होतात. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्याच्या आसपास सर्वांत झपाट्याने वाढते. हात लांब होतात, पंजे मोठे होतात, मुलग्यांच्या खांद्यांत बळ येते. तेरा वर्षांच्या मुलाची १०० मीटर फ्रीस्टाइलची वेळ वर्षभरात चार सेकंदांनी कमी झाली, तर त्यातले किती सेकंद प्रशिक्षणाचे आणि किती वाढत्या हाडांचे, हे घड्याळाकडे पाहून सांगता येत नाही. त्या वर्षी प्रशिक्षकाने किकबोर्डवर भर दिला असेल तर पुढची दहा वर्षे तो किकबोर्डवरच भर देईल. पहाटे दोरीउड्या मारून घेतल्या असतील तर दोरीउड्यांचा पुरस्कर्ता होईल. वाढीच्या वयात जवळपास प्रत्येक पद्धत यशस्वी ठरते आणि त्यामुळेच कोणत्याही पद्धतीची खरी परीक्षा होत नाही. याची दुसरी बाजू जास्त क्लेशकारक आहे. उशिरा वयात येणारा मुलगा बरोबरीच्या मुलांच्या मागे पडतो आणि ‘मेहनत कमी पडते’ असा शेरा मिळवतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या शरीराची ठेवण बदलते, वेळ काही काळ तिथल्या तिथेच राहते आणि तिला आळशी ठरवले जाते. प्रशिक्षकाला आपली चूक कळण्याआधी ही मुले टँक सोडून गेलेली असतात. राहिलेल्यांच्या वेळा वहीत असतात, गेलेल्यांच्या नसतात. वहीतली नावे पाहून पद्धत बरोबर ठरवणारा प्रशिक्षक अर्धीच आकडेवारी वाचत असतो.

वरच्या पातळीवर ही फसगत होत नाही असे समजू नये. २००८-०९ या काळात पॉलियुरेथेनच्या, शरीर आवळून धरणाऱ्या आणि तरंगायला मदत करणाऱ्या पोशाखांनी स्पर्धात्मक जलतरण पार ढवळून काढले. २००९ च्या रोममधल्या जागतिक स्पर्धेत एकूण ४३ विश्वविक्रम नोंदले गेले. त्याच स्पर्धेत जर्मनीच्या पॉल बीडरमानने ४०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३:४०.०७ अशी वेळ दिली आणि इयान थॉर्पचा २००२ पासूनचा ३:४०.०८ चा विक्रम सेकंदाच्या शंभराव्या भागाने मोडला. थॉर्पचा पोशाख कापडी होता, बीडरमानचा पॉलियुरेथेनचा. १ जानेवारी २०१० पासून असे पोशाख बाद झाले, आणि बीडरमानचा तो विक्रम मोडायला २०२५ साल उजाडावे लागले. आता २००९ च्या हंगामातल्या प्रशिक्षकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. त्याने त्या वर्षी जे जे नवे केले, जिममधला व्यायाम असो, आहार असो की सरावाची नवी आखणी, ते सगळे यशस्वी झालेले दिसत होते. आपल्या पद्धतीने किती दिले आणि पोशाखाने किती, हे वेगळे काढायचा कोणताही मार्ग त्याच्या घड्याळात नव्हता. शेजारच्या लेनमध्ये तसाच पोशाख घातलेला, पण वेगळ्या पद्धतीने तयार झालेला स्पर्धकही तितकाच सुधारला आहे, हे ज्याने नीट पाहिले त्यालाच काही कळू शकले.

हंगामाच्या आखणीतही असाच एक गुंता आहे. मोठ्या स्पर्धेआधी दोन-तीन आठवडे सराव बराच कमी करतात. पोहण्याच्या जगात याला टेपर म्हणतात. ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठातले शरीरशास्त्रज्ञ फ्रँक कॉटन आणि त्यांचे सहकारी, पुढे जगप्रसिद्ध प्रशिक्षक झालेले फोर्ब्स कार्लाइल यांनी ही कल्पना रुजवली. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या ९९ जलतरणपटूंच्या वेळा नंतर तपासल्या गेल्या, तेव्हा शेवटच्या तीन आठवड्यांत त्यांच्यात सरासरी सुमारे २.२ टक्के सुधारणा दिसली. म्हणजे एका मिनिटाच्या शर्यतीत सव्वा सेकंदाहून अधिक! अंतिम फेरीत पहिला आणि चौथा यांच्यात अनेकदा इतकेही अंतर नसते. पण ही सुधारणा येते ती सहा महिन्यांच्या कष्टांच्या अगदी टोकाला, आणि मग प्रशिक्षक म्हणतो, बघा, रोज आठ किलोमीटर पोहायला लावले म्हणून ही वेळ आली. कदाचित तसे असेलही. पण सहा किलोमीटर पोहवून तेवढीच विश्रांती दिली असती तर काय झाले असते, हे त्याला माहीत नसते, कारण त्याने ते कधी करून पाहिलेले नसते. १९९१ साली अमेरिकेतल्या बॉल स्टेट विद्यापीठाचे डेव्हिड कॉस्टिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते करून पाहिले. महाविद्यालयीन २४ जलतरणपटूंचे दोन गट केले. पंचवीस आठवड्यांच्या हंगामातले सहा आठवडे एका गटाने दिवसातून दोनदा, दीड-दीड तास सराव केला, दुसऱ्याने एकदाच. हंगामअखेर दुप्पट सराव करणाऱ्यांना जादा फायदा झालेला आढळला नाही. उलट त्या सहा आठवड्यांत त्यांचा कमी अंतराचा वेग घटला होता.

या एका प्रयोगावरून ‘कमी पोहवा’ असा नियम काढणे मात्र चुकीचे होईल. चोवीस जण, तेही वीस वर्षांच्या आतबाहेरचे तरुण, आणि सहाच आठवडे. १५०० मीटर पोहणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीला हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू होत नाही. प्रयोगाचे खरे मोल वेगळे आहे. पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरलेली गोष्ट तपासता येते आणि तपासल्यावर ती डळमळू शकते, हे त्याने दाखवले. पाण्याचा स्वभावही या शंकेला दुजोरा देतो. वेग वाढला की पाण्याचा रोध साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. वेग दहा टक्क्यांनी वाढवायचा तर सुमारे ३३ टक्के जास्त शक्ती हवी. एवढी शक्ती नुसत्या कष्टांनी मिळवणे फार अवघड. शरीर पाण्यात सरळ ठेवून रोध कमी करणे आणि हाताच्या प्रत्येक ओढीतून जास्त पुढे जाणे हा अधिक लाभाचा मार्ग. डच संशोधक हूब तूसाँ यांनी १९९० मध्ये जलतरणपटू आणि ट्रायथलॉनपटू यांची तुलना केली. दोन्ही गटांचे हात सारख्याच गतीने चालत होते आणि प्रत्येक ओढीमागचे श्रमही सारखे होते, पण जलतरणपटूंच्या शक्तीचा ६१ टक्के भाग पुढे जाण्याच्या कामी येत होता, ट्रायथलॉनपटूंचा ४४ टक्के. उरलेली शक्ती पाणी मागे फेकण्यात वाया जात होती. आता ५० मीटरच्या तलावात पाच किलोमीटरचा सराव घ्या. एका लांबीला दोन्ही हातांचे मिळून चाळीस स्ट्रोक धरले तर एका सत्रात चार हजार स्ट्रोक होतात. हाताची ओढ चुकीची असेल तर मुलाने ती चूक चार हजार वेळा घोटवली. जलतरणपटूंच्या दुखऱ्या खांद्यांमागे या पुनरावृत्तीचा मोठा वाटा आहे.

मग अनुभवी नजर ही चूक पकडत नाही का? पकडते, पण आपण समजतो तितकी नाही. कॅनडातले संशोधक इयन फ्रँक्स यांनी १९९३ मध्ये जिम्नॅस्टिक्सच्या अनुभवी प्रशिक्षकांना आणि नवख्यांना एकाच कसरतीच्या चित्रफिती जोडी-जोडीने दाखवल्या आणि दोन्हींत फरक आहे का ते विचारले. अनुभवी प्रशिक्षक नवख्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. मुळात नसलेले फरक त्यांना जास्त वेळा दिसले, आणि चुकीच्या उत्तरांबद्दलही त्यांना भरपूर खात्री होती. हा अभ्यास वाचताना मन अस्वस्थ होते, कारण त्या प्रशिक्षकांत कोणी आळशी किंवा अप्रामाणिक नव्हते. वर्षानुवर्षे ज्या चुका शोधल्या त्या चुका दिसण्याची त्यांच्या डोळ्यांना सवय झाली होती, इतकेच. पोहण्यात तर अडचण आणखी मोठी. जिम्नॅस्टचे सगळे शरीर निदान हवेत दिसते. पोहणाऱ्याच्या हाताची ओढ, जिथून बराचसा वेग येतो, ती पाण्याखाली असते. काठावरून दिसतो तो हात पुढे आणण्याचा भाग, म्हणजे ज्यातून वेग मिळत नाही तो. काठावर उभा असलेला प्रशिक्षक बऱ्याच अंशी अंदाजाने बोलत असतो, आणि वर्षे जातात तसा त्या अंदाजाला अधिकाराचा स्वर येतो.

पाण्याखाली पाहण्याचा ध्यास घेतलेल्या प्रशिक्षकांत जेम्स कौन्सिलमन यांचे नाव अग्रभागी येते. इंडियाना विद्यापीठाचे हे प्रशिक्षक. त्यांना सगळे ‘डॉक’ म्हणत. मार्क स्पिट्झ त्यांच्या तालमीत होता. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेच्या पुरुषांनी तेरापैकी बारा सुवर्णपदके जिंकली. १९६८ मध्ये आलेले त्यांचे ‘द सायन्स ऑफ स्विमिंग’ हे पुस्तक जगभरच्या प्रशिक्षकांनी वाचले. उत्तम पोहणाऱ्यांच्या हातांना दिवे बांधून, अंधारात, पाण्याखाली त्यांनी चित्रण केले, तेव्हा हात सरळ मागे न जाता इंग्रजी एस या अक्षरासारखा नागमोडी फिरताना दिसला. त्यावरून १९७१ मध्ये त्यांनी मांडले, की पोहणाऱ्याला पुढे नेणारे बल हे पाणी मागे ढकलण्यापेक्षा विमानाच्या पंखाला मिळणाऱ्या उचलीसारखे आहे. जगभर मुलांना हाताची नागमोडी ओढ शिकवली जाऊ लागली. अर्नेस्ट मॅग्लिशो यांच्या १९८२ च्या ‘स्विमिंग फास्टर’ या ग्रंथाने या कल्पनेला आणखी बळ दिले. १९९४ मध्ये ब्रेंट रशॉल आणि इतरांनी तिच्यावर सविस्तर आक्षेप घेतले: मुख्य काम पाण्याला मागे रेटणाऱ्या तळव्याचे आणि कोपरापुढच्या हाताचे आहे, नागमोडी वाट बऱ्याच अंशी अंग कुशीवर वळल्यामुळे दिसते. आणि मग क्वचित घडणारी गोष्ट घडली. मॅग्लिशो यांनी २००३ च्या ‘स्विमिंग फास्टेस्ट’ या ग्रंथात आपली आधीची भूमिका बदलली आणि तसे स्पष्ट लिहिले. ज्या माणसाच्या पुस्तकावर एका पिढीचे प्रशिक्षक घडले, त्यानेच आपले शिकवणे दुरुस्त केले.

यावर आक्षेप ठरलेला आहे: शास्त्रज्ञच वीस-तीस वर्षांनी मत बदलतात, तर टँकवरच्या साध्या माणसाने त्यांच्यामागे का धावायचे? आपले जे चालले आहे ते बरे. हा आक्षेप ऐकायला व्यवहारी वाटतो, पण त्यात एक गोष्ट नजरेआड होते. कौन्सिलमन चुकले ते चित्रण करून, लिहून, जगासमोर मांडून चुकले. म्हणूनच ती चूक कोणालातरी सापडली आणि दुरुस्त झाली. जो प्रशिक्षक काहीच नोंदवत नाही तोही तितकाच चुकतो, पण त्याची चूक त्याच्याबरोबर निवृत्त होईपर्यंत टिकते आणि पुढे त्याच्या शिष्यांत उतरते. शिवाय या काळात खुद्द खेळही बदलत राहिला. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये डेव्हिड बर्कॉफ आणि दाइची सुझुकी यांनी बॅकस्ट्रोकच्या शर्यतीचा मोठा हिस्सा पाण्याखाली डॉल्फिन किक मारत पार केला. त्यानंतर पाण्याखालच्या अंतरावर आधी १० आणि मग १५ मीटरची मर्यादा आली. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये २००५ पासून सुरुवातीला आणि वळणानंतर एका डॉल्फिन किकला परवानगी मिळाली. हे नियम परिपत्रकातून कळतात, ते अवघड नाही. पण पाण्याखालचे पंधरा मीटर हे जणू पाचवे तंत्र होऊन बसले आहे आणि रोजच्या सरावाचा वेळ त्यासाठी काढायला हवा, हे ज्याला त्याला आपल्या आखणीत उतरवावे लागते. तिथे जुनी सवय आड येते.

दुसरा आक्षेप अधिक आदराने घ्यावा असा आहे. मोठे प्रशिक्षक पदव्यांनी घडत नाहीत, ती एक उपजत जाण असते. सोइची साकामोतो यांनी कोणता अभ्यासक्रम केला होता? साकामोतो हवाईतल्या माउई बेटावरचे शाळामास्तर. स्वतः त्यांना धड पोहता येत नसे. १९३७ मध्ये त्यांनी उसाच्या मळ्यातल्या मजुरांची मुले गोळा केली आणि पाटाच्या पाण्यात त्यांना शिकवायला सुरुवात केली. प्रवाहाविरुद्ध जोर लावून वर जायचे, प्रवाहाबरोबर वाहत खाली यायचे, पुन्हा वर जायचे: आज ज्याला इंटरव्हल म्हणतात ती पद्धत त्यांच्या हाती अशी आली. त्यांचा शिष्य बिल स्मिथ १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर फ्रीस्टाइलचा सुवर्णपदकविजेता ठरला. पण हे उदाहरण आक्षेप घेणाऱ्याच्या बाजूचे नाही. साकामोतो विज्ञान शिकवत होते. आपण चांगले पोहणारे नाही, म्हणून ‘मी असेच करायचो’ हे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. पाहणे, करून बघणे, मोजणे आणि बदलणे एवढाच मार्ग त्यांना खुला होता. कार्लाइल यांच्याविषयीही हेच म्हणता येते. पोहणाऱ्यांच्या नोंदवह्या, नाडीचे ठोके, तलावाच्या भिंतीवरचे मोठे घड्याळ या गोष्टी त्यांनी सरावात आणल्या त्या आपल्या जाणिवेची पडताळणी करण्यासाठी. जाण उपजत असेलही, पण ती खरी की खोटी हे ठरवायला ती स्वतः पुरत नाही. आणि चांगला पोहणारा चांगला प्रशिक्षक होऊ शकत नाही असे माझे मुळीच म्हणणे नाही. त्याला एक जास्तीचा धोका असतो इतकेच, तो म्हणजे आपल्या एकट्याच्या शरीराला जे मानवले ते सगळ्यांना लागू करण्याचा.

मग अभ्यासक्रमांनी काम भागते का? भारतात १९६१ पासून पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था प्रशिक्षक घडवते आहे. तिची पदविका आणि सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम यांतून शरीरशास्त्र, गतिशास्त्र, नियम आणि आखणी यांचा पाया मिळतो, आणि तो हवाच. अमेरिकेतही प्रशिक्षकांच्या संघटनेने पायऱ्या-पायऱ्यांची प्रमाणपत्रे ठेवली आहेत. पण विसाव्या-पंचविसाव्या वर्षी घेतलेली पदविका पन्नाशीपर्यंत पुरेल ही अपेक्षाच मुळात गैर आहे. कॅनडातले पिएर त्रुदेल आणि अमेरिकेतले वेड गिल्बर्ट यांनी युवा संघांच्या निवडक प्रशिक्षकांचा दीर्घ पाठपुरावा केला. त्यांना दिसले, की प्रशिक्षक खरे शिकतात ते स्वतःला पडलेल्या अडचणीपासून. अडचण नेमकी काय ते ठरवायचे, कोणाशी तरी बोलायचे, उपाय करून पाहायचा, परिणाम तपासायचा आणि नाही जमले तर पुन्हा पहिल्यापासून. वर्गात दिलेले उत्तर कितीही चांगले असले तरी ज्याला तो प्रश्नच पडलेला नाही त्याच्या हातून ते निसटते.

म्हणून छोटे, नेमके आणि कामाला चिकटलेले प्रशिक्षण मोठ्या व्याख्यानमालेपेक्षा जास्त देऊन जाते. याचा सर्वांत बोलका पुरावा पोहण्यातला नाही, बेसबॉलमधला आहे. अमेरिकेत रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या प्रशिक्षकांसाठी सुमारे अडीच तासांची कार्यशाळा तयार केली. चुकल्यावर आधी धीर द्या, मग काय करायचे ते सांगा. प्रयत्नांची दखल घ्या. आणि आपण दिवसभरात मुलांशी कसे वागलो याची स्वतः नोंद ठेवा, एवढाच तिचा गाभा. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की प्रशिक्षण न घेतलेल्यांच्या हाताखालची २६ टक्के मुले पुढच्या हंगामात परतली नाहीत. प्रशिक्षण घेतलेल्यांच्या संघांत हे प्रमाण ५ टक्के होते. सामने जिंकण्या-हरण्याच्या प्रमाणात मात्र दोन्ही गटांत फरक नव्हता! प्रेमाने वागल्याने मुले ढिली पडतात, या समजुतीला त्यातून आधार मिळाला नाही. अभ्यास लहान होता, आठ-दहा प्रशिक्षकांचे दोन गट. तरीही अडीच तासांच्या बदल्यात इतका फरक पडू शकत असेल, तर पहाटे पाचला उठून गार पाण्यात उतरणाऱ्या मुलांच्या खेळात तो करून न पाहणे अक्षम्य आहे. मुलाने टँक सोडला की त्याच्यातली पुढची सगळी शक्यता संपते, मग तंत्र कितीही आधुनिक असो.

स्वतःच्या वागण्याची नोंद ठेवणे अवघड वाटत असेल तर ती दुसऱ्याकडून करून घ्यावी. अमेरिकन बास्केटबॉलचे थोर प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या १९७४-७५ च्या हंगामातल्या सरावांना रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प हे दोन मानसशास्त्रज्ञ कागद-पेन्सिल घेऊन बसले आणि त्यांनी वुडन यांची प्रत्येक कृती मोजली: एकूण २,३२६. त्यांतल्या निम्म्या कृती म्हणजे काय करायचे आणि कसे करायचे याच्या छोट्या, स्पष्ट सूचना होत्या. निव्वळ शाबासकी सुमारे सात टक्के आणि रागावणेही जवळपास तेवढेच. हे वुडन दर वर्षी हंगाम संपल्यावर एकच विषय निवडत, त्यावर वाचत, त्यात तरबेज असलेल्या इतर प्रशिक्षकांना विचारत आणि पुढच्या हंगामात बदल करत. एका वर्षी एक प्रश्न. पोहण्याच्या प्रशिक्षकाला ही रीत सहज उचलता येईल: या वर्षी वळणे, पुढच्या वर्षी ब्रेस्टस्ट्रोकची किक, त्याच्या पुढच्या वर्षी वयात येणाऱ्या मुलींचा सराव.

इथे महाराष्ट्रातल्या एखाद्या नगरपालिकेच्या तलावावरचा प्रशिक्षक म्हणेल: एका बॅचला साठ मुले, पाऊण तास वेळ, पगार कंत्राटी, वर पालकांची घाई, मी प्रयोग कधी करू? त्याची तक्रार खरी आहे, आणि तिचे ओझे त्याच्या एकट्याच्या डोक्यावर टाकणे अन्यायाचे ठरेल. पण जे मोजायला हवे त्यातले पुष्कळ काही स्वस्त आहे. पोहण्याचा वेग म्हणजे एका स्ट्रोकमध्ये कापलेले अंतर गुणिले स्ट्रोकची गती. १९७९ मध्ये क्रेग आणि पेंडरगास्ट यांनी हे सूत्र स्पर्धात्मक पोहण्याला पद्धतशीर लावून दाखवले. मुलांना आपले स्ट्रोक मोजायला शिकवले की साठ मुले साठ नोंदी देतात. सहा महिन्यांत वेळ सुधारली आणि स्ट्रोकही कमी झाले, तर मूल पाणी जास्त चांगले धरू लागले किंवा निदान उंच झाले. भिंतीवर उंची मोजली की त्या दोहोंतला फरकही अंदाजता येतो. वेळ तीच राहून स्ट्रोक वाढले, तर काहीतरी बिघडते आहे आणि ते घड्याळाच्या आधी कळले. जलरोधक पिशवीत घातलेला साधा मोबाइल पाण्याखाली धरला तर कौन्सिलमन यांना ज्यासाठी खास व्यवस्था करावी लागली ते मिनिटभरात दिसते. खरी अडचण वहीची आणि सवयीची आहे: आज काय ठरवले, काय घडेल असे वाटले आणि काय घडले, या तीन ओळी दिवसाअखेर लिहिण्याची. अपेक्षा आधी लिहिलेली नसेल, तर निकाल लागल्यावर मन ती निकालाला जुळवून घेते.

आणि हे एकट्याने साधत नाही. स्वतःच्या चुका स्वतःला दिसत नाहीत हेच तर फ्रँक्स यांनी दाखवले. आपल्याकडे क्लब एकमेकांची मुले पळवतात, म्हणून प्रशिक्षक आपला सराव झाकून ठेवतात. हा भयगंड समजण्यासारखा आहे, पण त्याची किंमत मोठी आहे. अमेरिकन प्रशिक्षकांची संघटना १९५८ मध्ये स्थापन झाली, आणि तिच्या वार्षिक मेळाव्यात एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी व्यासपीठावरून आपल्या सरावाचे तक्ते उघड मांडतात. त्यामुळे कोणाची पदके गेली असे दिसत नाही. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेला निहार अमीन यांच्याकडे शिकायला बेंगळुरूला जावे लागले. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचे कांस्य त्याने मिळवले, तेव्हा १९८६ च्या खजान सिंग यांच्या रौप्यानंतर चोवीस वर्षांनी भारताला या खेळात आशियाई पदक मिळत होते. २०२१ मध्ये रोमला २०० मीटर बटरफ्लाय १:५६.३८ मध्ये पोहून ऑलिंपिकची ‘अ’ पात्रता वेळ गाठणारा पहिला भारतीय ठरलेला साजन प्रकाश प्रदीप कुमार यांचा शिष्य, आणि तेही बेंगळुरूचेच. चांगले तलाव पुण्या-मुंबईतही आहेत. बालेवाडीचा तर १९९४ पासून आहे. एका शहरात अनेक जाणते प्रशिक्षक असणे, त्यांनी एकमेकांचे काम पाहणे, चढाओढ करणे आणि नव्यांनी त्यांच्या हाताखाली उमेदवारी करणे, हे सिमेंटच्या तलावाहून दुर्मिळ आहे असे माझे मत आहे.

ते महाराष्ट्रात उभे करायला फार पैसा लागत नाही. जिल्हा संघटनांनी महिन्यातून एक सकाळ ठरवावी, जेव्हा एका तलावावरचा प्रशिक्षक दुसऱ्याच्या तलावावर जाऊन फक्त पाहील आणि नोंदी त्याच्या हाती देईल. महापालिकांनी तलाव चालवायला देताना जीवरक्षकांची संख्या करारात लिहितात, तशीच प्रशिक्षकाच्या शिक्षणासाठी वर्षाकाठी पगारी दहा दिवसांची तरतूदही लिहावी. आणि पालकांनी मुलाला तलावावर घालताना प्रशिक्षकाने किती पदके मिळवून दिली हे जरूर विचारावे, पण त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: गेल्या पाच वर्षांत तुम्ही आधी शिकवत असलेली कोणती गोष्ट शिकवायची थांबवली, आणि कशावरून? ज्याला या प्रश्नाचे नेमके उत्तर देता येते, त्याच्याकडे मूल निर्धास्तपणे सोपवावे.